चावी दिली होती का

मोहिते अण्णांमुळं आमच्या दुकानातून जितकी गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं गेली, तितकी पुण्याच्या मोठमोठ्या शोरूममुळंही गेली नसतील. मालक हे त्यांच्या तोंडावर म्हणायचे आणि अण्णा मान डोलवायचे, जणू कुणी त्यांचा सत्कारच करतंय. सांगलीत स्विस घड्याळं ठेवणारं दुकान आमचं. मी काउंटरला, अण्णा मागच्या काचेच्या खोलीत दुरुस्तीला. एखाद्यानं वैमानिकाच्या धाटणीचं घड्याळ हातात घेतलं, म्हणजे मोठी काळी तबकडी, ठसठशीत आकडे, कडेनं आणखी बारीक आकड्यांची रांग असलं काही, की अण्णांना आतल्या आत वास यायचा. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून ते बाहेर येत. आता ही विक्री काही होत नाही, हे मला कळून चुके.

एकदा इस्लामपूरकडचे एक बागायतदार होणाऱ्या जावयासाठी घड्याळ घ्यायला आले. आमच्याकडं लग्नात जावयाला सासऱ्यानं घड्याळ घालायची रीत आहे, आणि घड्याळ जेवढं दांडगं तेवढं सासऱ्याचं नाव दांडगं. त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं घड्याळ उचललं. फोटोत दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. मी पेटी काढायला खाली वाकले तोवर अण्णा हजर. त्यांनी विचारलं, जावई काय करतात? पंचायत समितीत साहेब आहेत, असं उत्तर आलं. मग अण्णांनी घड्याळ फिरवून फिरवून दाखवलं. ही चावी एवढी बोराएवढी का? तर पूर्वीची विमानं उघडी, वर मरणाचा गारठा, वैमानिकाच्या हातात जाड मोजे. मोज्यातल्या बोटांना धरता यावी म्हणून चावी मोठी केली.

“तुमचं जावई हापिसात मोजं घालून बसत्यात का?” अण्णांनी अगदी मनापासून विचारलं.

पाहुणे पोट धरून हसले आणि निम्म्या किमतीचं, चपटं, शर्टाच्या बाहीत सहज जाणारं घड्याळ घेऊन गेले. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मीही अण्णांशी दोन दिवस धड बोलले नाही, कारण विक्रीवर मलाही काहीतरी मिळायचं. अण्णांना मात्र आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचं म्हणणं, खोटं सांगून विकलेलं घड्याळ महिन्यात दुरुस्तीला परत येतं.

अण्णा मूळचे पलूसजवळचे. अठराव्या वर्षी हवाई दलात गेले आणि वीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून राहिले. विमान उडवणारे वेगळे, हे जमिनीवरचे. विमानात वैमानिकाच्या पुढ्यात जी पंधरा-वीस घड्याळासारखी यंत्रं असतात, उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, त्यांची देखभाल यांच्याकडं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्री, बारीक कातरलेल्या मिशा आणि बूट असे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. स्वतःच्या मनगटावर मात्र घड्याळ नाही. लाखांची घड्याळं उघडून बसणारा माणूस वेळ विचारायला माझ्याकडं यायचा. कारण विचारलं तर म्हणायचे, दुकानात एवढी हैत, आणि एक कशाला.

त्यांची आणखी एक खोड होती, तिच्यापायी आम्ही सगळ्यांनी त्यांना पिडलं. जे हातानं करतील ते तोंडानं म्हणायचे. “शटर खाली. कुलूप लावलं. कुलूप वढून बघितलं.” चहा प्यायचे तेव्हासुद्धा, “साखर घातली.” दुकानात पट्टे बसवायला एक दीपाली म्हणून मुलगी होती. ती विचारायची, “अण्णा, श्वास घेतला?” आणि अण्णा गंभीरपणे म्हणायचे, “घेतला.” मग आम्ही हसायचो. हात सवयीनं चालतो आणि मन भलतीकडं असतं, म्हणून मनाला बोलावून घ्यायचं, असं ते सांगायचे. मला वाटायचं, फौजेतली शिस्त. फौजेतून आलेली माणसं आमच्याकडं गावोगाव आहेत आणि प्रत्येकाला एकेक असली खोड आहे. कुणी घरातल्या म्हशींचीसुद्धा सकाळी हजेरी घेतं.

दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसायचं. तेव्हा अण्णांचं व्याख्यान चाले. विमान येण्याआधी पुरुष सहसा मनगटावर घड्याळ बांधत नसत, हे मला त्यांनी सांगितलं. पुरुषाचं घड्याळ खिशात, साखळीला. मनगटावरचं घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना. मग माणूस उडायला लागला. दोन्ही हात विमान सांभाळण्यात गुंतलेले, खिशातून घड्याळ काढणार कसं? तेव्हा अशाच एका उडणाऱ्या माणसानं आपल्या जवाहिऱ्या मित्राकडं गाऱ्हाणं केलं आणि त्यानं त्याला मनगटावर बांधायचं घड्याळ करून दिलं. पुढं लढाया झाल्या. वैमानिकांचे पट्टे लांब झाले, कारण जाड कोटाच्या बाहीवरून बांधायचे. रात्री जाणाऱ्या विमानातली सगळी माणसं निघण्याआधी एकदम चावी ओढायची आणि एकदम दाबायची, म्हणजे सगळ्यांचा सेकंद काटा एका ठिकाणी. पुढं देशोदेशी जाणारी विमानं आली, तेव्हा घरची वेळ कळावी म्हणून घड्याळात एक जादा काटा बसला.

“वर मैलाचा दगुड नसतो, ताई,” ते म्हणायचे. “येग म्हाईत, दिशा म्हाईत. आता किती मिनटं गेली त्यावरनं आपुन कुठं हाय ते ठरवायचं. घड्याळ चुकलं की गाव चुकलं.”

मी विचारलं, मग आता? आता विमानात सगळं संगणकावर, घड्याळाला तिथं कोण विचारत नाही, असं ते म्हणाले. गरज संपली आणि किंमत वाढली. हे सांगताना त्यांना हसू यायचं. कुणाचा जीव वाचवायला केलेली वस्तू आज लोक लग्नाच्या फोटोसाठी घेतात, याचं त्यांना खरोखर नवल वाटायचं. ते कुचेष्टा करत नव्हते, हे मला उशिरा कळलं.

एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दुकानात आलं. सांगलीत पाण्याची सवय असते. नदी कुठवर आली याची बातमी लोक पाहुण्यांची चौकशी करावी तशी करतात. त्या वर्षी मात्र पाणी अंदाजापेक्षा लवकर चढलं. आम्ही घड्याळांच्या पेट्या वरच्या मजल्यावर नेल्या, पण दुरुस्तीला आलेल्या घड्याळांचा एक खण खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर ती घड्याळं चिखलातून काढली आणि मी आणि अण्णा दोन दिवस वरच्या मजल्यावर ती उघडून, पुसून, कागदावर वाळत घालत बसलो. त्यातलं एक वैमानिकी घड्याळ होतं. अण्णांनी ते उघडलं, बराच वेळ हातात धरलं आणि मला विचारलं, “तुमी सकाळी घराला कुलूप लावलं ते तुमास्नी आठवतंय का?”

मी म्हटलं, लावलंच असणार. रोज लावते.

“आठवतंय का, ते इचारलं मी.”

मला आठवत नव्हतं. मग त्यांनी ते सांगितलं. इतक्या वर्षांत घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

ईशान्येकडच्या एका तळावर ते होते, वय चोवीस-पंचवीस. त्यांच्याकडं जे लढाऊ विमान होतं त्यात वैमानिकाच्या पुढ्यात इतर यंत्रांबरोबर एक साधं चावीचं घड्याळ असायचं. रोज सकाळी त्याला चावी द्यायची, वेळ लावायची आणि फॉर्मवर सही करायची, हे अण्णांचं काम. विमान बहुतेक वेळा कदम साहेब न्यायचे. साहेब सातारा जिल्ह्यातले, पाटणकडच्या एका खेड्यातले. अख्ख्या तळावर आपल्या बोलीत बोलायला हे दोघंच, म्हणून हुद्द्याचं अंतर ठेवूनही माया होती. साहेबांच्या मनगटावर स्टॉपवॉच असलेलं भारी स्विस घड्याळ होतं. बोटीवर असलेल्या मामानं आणलेलं. पण हिशेब विमानातल्या घड्याळावर करायचा, हा त्यांचा नेम. मनगटावरचं अडीअडचणीला. चढताना ते अण्णांना विचारायचे, “मोहिते, तुझं चालतंय न्हवं? मग माझं नुसता दागिना.”

त्या सकाळी अण्णांची सुट्टी मंजूर झाली होती. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरी जायचं, बैलांना नवी झूल न्यायची, एवढंच डोक्यात. विमान ढगांखालून डोंगरातल्या दऱ्या धरून जायच्या सरावाला गेलं. अशा वेळी वळणं घड्याळावर घ्यायची असतात. इतकी मिनिटं सरळ, मग उजवीकडं. एका वळणाला विमान वळलं ते चुकीच्या जागी, आणि समोर डोंगर आला. शेवटच्या क्षणी साहेबांनी सीटसकट उडी घेतली, पण खाली उंचीच उरली नव्हती. विमानाचा कोळसा झाला. साहेबांचं शरीर बाजूला सापडलं, सामान पेटीत घालून घरी गेलं.

“चौकशीत मला इचारलं, घड्याळाला चावी दिली हुती? मी म्हनलं, येस सर. फॉर्मवर सही हुतीच. सहीपण मी रोज करायचो.” अण्णा कागदावरचे बारीक स्क्रू एका रांगेत लावत होते. “चावी दिली का न्हाई, ते मला आठवत न्हाई, ताई. दिली असंल. पर असंल म्हंजे दिली न्हवं.”

चौकशीचा निकाल लागला: वैमानिकाची चूक. ढगात वेळेचा अंदाज चुकला. विमानातलं घड्याळ जळून गेलेलं, त्यामुळं पुढं काही विचारायचा प्रश्नच आला नाही. अण्णांना सुट्टी मिळाली आणि ते बेंदराला घरीही आले. झूल मात्र आणली नाही.

मी त्यांना समजावलं. चाळीस वर्षं होत आली, रोज देत होता म्हणजे त्या दिवशीही दिली असणार, कशाला मनाला लावून घेता. असलं जे आपण म्हणतो ते सगळं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की हे कळायला एकच वाट होती: साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ. विमानातलं घड्याळ मध्येच बंद पडलेलं दिसलं असतं, तर साहेबांनी मनगटावरचं स्टॉपवॉच सुरू केलं असतं. पण तोवर किती वेळ गेला ते त्यांना अंदाजानंच धरावं लागलं असतं, आणि मग वळण चुकलं असतं. आदळल्यावर ते घड्याळ थांबलं असणार, जसं होतं तसं.

“स्टॉपवॉचचा काटा बारावर असंल तर इमानातलं घड्याळ नीट चालत हुतं. मी सुटलो. काटा सरकल्याला असंल तर मी मारलं. आन वर चूक त्यांच्या नावावर घातली.”

घड्याळ कुठंय, असं मी विचारलं. ते जळलं असेल, हरवलं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. साहेबांच्या गावी जायचं त्यांना कधी धाडस झालं नव्हतं.

वर्षभरानं पाटणकडचा एक जवान सुट्टीवर आला होता, तो बायकोला घड्याळ घ्यायला दुकानात आला. काचेतलं वैमानिकी घड्याळ बघून तो सहज म्हणाला, असलंच एक आमच्या गावात आहे, एका पायलटचं. त्याची आई देव्हाऱ्याशेजारी ठेवते. मी मागं वळून बघितलं. अण्णा काचेच्या दारात उभे होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी गावाचं नाव विचारलं नाही. ते त्यांना ठाऊकच होतं.

पुढं जवळजवळ दोन वर्षं गेली. जायचं म्हणायचे आणि काहीतरी निघायचं: थंडी, गुडघे, नातवाची परीक्षा. जा म्हणून मीच मागं लागले होते. मला वाटायचं, एकदा बघून टाकलं की माणूस मोकळा होईल, काटा इकडं असो की तिकडं. दुसऱ्याला सोक्षमोक्ष लावायचा सल्ला देणं फार सोपं असतं. शेवटी एका हिवाळ्यात मीच नवऱ्याची गाडी काढली आणि अण्णांना पलूसहून घेतलं. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. कऱ्हाड सोडून पाटणच्या रस्त्याला लागेपर्यंत अण्णांनी गाडीच्या काचा, कुलपं आणि हँडब्रेक यांचा मोठ्यानं हिशेब चालवला होता. 

कदमांचं घर साधं, स्लॅबचं, पुढं अंगण. आईंचं वय पंच्याऐंशीच्या पुढं, पाठीत वाकलेल्या, पण कान आणि जीभ शाबूत. साहेबांचा पुतण्या फौजेत, घरात त्याची बायको. मुलाच्या तळावर होतो, एवढं अण्णांनी सांगितल्याबरोबर आईंनी त्यांचा हात धरला आणि हातानं धरूनच आत नेलं. नातसुनेला शिरा करायला सांगितला. भिंतीवर गणवेशातला फोटो होता. विशीतला पोरगा, हसरा, टोपी जरा तिरकी. त्याच्या खाली फळीवर ते घड्याळ.

ते चालू होतं. जवळ गेल्यावर मला तबकडीतल्या छोट्या वर्तुळात सेकंद काटा फिरताना दिसला.

आईंनी ते पदरानं पुसून अण्णांच्या हातात दिलं आणि वेळ बरोबर आहे का बघायला सांगितलं. रोज सकाळी देवाला पाणी घालण्याआधी आपण त्याला चावी देतो, एक दिवस चुकला नाही, असं त्या सांगत होत्या. अण्णांनी घड्याळ खिडकीकडं नेलं. तबकडी नवी कोरी, काच नवी, पट्टा नवा. स्टॉपवॉचचा काटा बरोबर बारावर. त्यांनी विचारलं, घरी आलं तेव्हा हे कसं होतं?

“काच फुटल्याली, पट्टा करपल्याला, आन बंद. बंद घड्याळ घरात ठिवू नये म्हंत्यात. वर्सश्राद्धाच्या आत कऱ्हाडला दिऊन चालू करून आनलं. कारागीर लय चांगला बगा. वरची तबकडी नवी केली, काटं हिकडं-तिकडं झालं हुतं, ते समदं जागच्या जागी आनून दिलं.”

बंद घड्याळ घरात ठेवू नये. आमच्या दुकानाच्या पत्रकावरसुद्धा हेच वाक्य छापलेलं आहे. मालकांच्या मते त्यानं दुरुस्तीचं गिऱ्हाईक वाढतं. कऱ्हाडचा तो कारागीर अण्णांच्या ओळखीतला होता. वारूनही त्याला खूप वर्षं झाली होती. अण्णांनी हळूच विचारलं, त्या आधी काटे कुठं होते ते काही आठवतं का? हा बारीक लांब काटा?

“आवं, ते कोन बगतंय? रडायचं का काटं बगायचं?”

अण्णा खाली बसले. आई आपल्याच नादात बोलत राहिल्या. मोठे साहेब लोक घरी आले होते म्हणाल्या. मुलाचीच चूक झाली, असं त्यांनी सांगितलं. “मी म्हनलं, असंल. पोरगं पैल्यापासनं अंदाजानं चालनारं. शाळंला जाताना नदीचं पानी वरनं बगायचं आन घुसायचं. किती मारला, पर ऐकलं न्हाई कवा.” हे सांगताना त्यांना थोडं हसू आलं. त्यांनी हे शेकडो वेळा सांगितलेलं असणार, ते त्यांच्या सुरावरून कळत होतं. बिचारीनं त्या निकालाशी जुळवून घेतलं होतं. पोराचं लहानपणसुद्धा त्यात नीट बसवून ठेवलं होतं.

मी अण्णांचा दंड दाबला. चला, असं म्हणायचं होतं मला. इतके दिवस जा म्हणून मागं लागलेली मी, आणि त्या क्षणी मला वाटलं की या माणसानं आता एक शब्दही बोलू नये. पण अण्णांच्यानं राहवलं नाही. वैमानिकाचा दोष नसेल तर तो त्याच्या आईच्या तोंडून कसा ऐकून घ्यायचा, असं त्यांना झालं असावं.

“आई, इमानातल्या घड्याळाला चावी द्यायचं काम माझं हुतं. त्या दिवशी दिली का न्हाई, मला आठवत न्हाई. मी चौकशीत दिली म्हनून सांगितलं.”

आतून नातसुनेनं कशाला तरी फोडणी दिल्याचा आवाज आला. आई अण्णांकडं बघत राहिल्या. आधी त्यांना समजलं नाही, मग समजलं. समजत होतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

“म्हंजे त्याची चूक न्हवती?”

“असंल, नसंल. मला म्हाईत न्हाई.”

“मग मी चाळीस वर्सं पोराला बोल लावला तो?”

 आईंनी अण्णांच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. बाईनं पाऊण आयुष्य शेतात काढलं होतं, पण डोकं लख्ख होतं. अण्णांनी काटे का विचारले, ते त्यांच्या ध्यानात आलं.

“ह्याच्यावरनं कळलं असतं का काय? मी दुरुस्त केलं नसतं तर?”

खोटं बोलून घड्याळ विकायला नकार देणारा हा माणूस. त्याच्या खरं बोलण्यापायी आम्ही किती गिऱ्हाइकं घालवली होती.

“न्हाई, आई,” अण्णा म्हणाले. “घड्याळावरनं काय कळत न्हाई.”

त्यांनी ते इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मीही क्षणभर विश्वास ठेवला. आईंनी ठेवला की नाही, सांगता येत नाही. शिरा आला, बशीत तसाच राहिला. आम्ही निघालो तेव्हा आई उठल्या नाहीत, “या” म्हणाल्या नाहीत.  येताना कऱ्हाडला चहाला थांबलो, तिथं त्यांनी कपात साखर घातली आणि काहीच म्हटलं नाही.  मी गाडीत काहीतरी विसरल्याचं निमित्त करून उठले.

त्यानंतर अण्णा चार-पाच महिने दुकानात आले. मग चुका व्हायला लागल्या. एकाचा पट्टा दुसऱ्याला, उघडलेलं घड्याळ उघडंच. मालकांनी, खरं सांगायचं तर फार सांभाळून, त्यांना घरी बसायला सांगितलं. माणसाला विसर पडतो तसा तो नव्हता. पुढं डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. मी अधूनमधून फोन करायची. त्यांची सून सांगायची, आज ओळखत नाहीत, आज जरा बरे आहेत. मी जायचं टाळत होते. कदमांच्या घरी त्यांना मीच नेलं होतं.

परवा, द्राक्षांच्या छाटण्या चालल्या होत्या तेव्हा, पलूसला एका लग्नाला गेले आणि मग पाय तिकडं वळलेच. अण्णा सोप्यात कॉटवर बसले होते, दाढी वाढलेली, शर्टाची वरची गुंडी खालच्या काजात. मी कुठल्या गावची ते त्यांनी विचारलं. सांगलीची म्हटल्यावर, सांगलीला आमचा एक मुलगा असतो म्हणाले. मुलगा त्यांचा तिथंच, पलूसला, घरी असतो. सून म्हणाली, बायकोचं नावसुद्धा गेलंय डोक्यातून.

सुनेनं मग आवाज खाली आणून सांगितलं की दिवाळीत एक जवान डबी देऊन गेला. पाटणकडच्या आजींनी पाठवली होती, निरोपासकट: आता माझ्यानं चावी देववत नाही, तुम्हीच ठेवा. बंद घड्याळ घरात नको म्हणून तिनं चावी द्यायला घेतलं, तर सासऱ्यांनी हिसकावून घेतलं. तेव्हापासून उशीखाली. आता ते थांबलेलं आहे, कुठल्याशा दिवशी कुठल्याशा वेळेला, आणि त्यावरून कुणाला काहीही कळणार नाही.

आम्ही काय बोलतोय ते अण्णांना कळलं असावं. त्यांनी उशीखालून घड्याळ काढून माझ्यापुढं धरलं. डोळ्यांनाही आता बारीक दिसत नाही.

“ताई, बारीक काटा कुठं हाय?”

त्यांनी मला ताई म्हटलं, म्हणजे ओळखलं होतं. मी बघितलं. काटा कऱ्हाडच्या दुरुस्तीनंतर होता तिथंच होता. मला वाटलं, एवढं सगळं विसरलेत, तर हेही विसरले असतील. वाटलं, देवानं एवढी तरी सोय केली असेल.

“बारावर आहे, अण्णा,” मी म्हटलं. “तुम्ही चावी दिली होती.”

त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, दोनदा, सावकाश. मग मान हलवली.

“ते कऱ्हाडच्या कारागिरानं केलंय.”

 अण्णांनी सुनेला हाक मारून विचारलं, मी जेवलो का? मघाशीच जेवलात, असं ती आतून म्हणाली. बरं म्हणाले आणि घड्याळ परत उशीखाली ठेवलं.